दारावरची कोरफड

धुळ्याचं वैशाखातलं ऊन आम्ही आता नातेवाइकासारखं पत्करलं आहे. येणार, मुक्काम ठोकणार आणि जाताना अंगाची सालं काढून नेणार. तरीही या दिवसांत दुपार कलली की मी छत्री उघडून बाजारात जाते, कारण रस्त्याच्या कडेला मांडे भाजायची मातीची खापरं आलेली असतात. नवी, लालसर, उपडी घालून ठेवलेली. मी घेत एकही नाही. माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात चूल नाही आणि मांडे मला येतही नाहीत. मी फक्त बोटाच्या पेराने खापरावर टकटक करते, आवाज ऐकते आणि पुढच्या खापराकडे वळते. विकणारी बाई आता मला ओळखते. यंदा ती शेजारणीला म्हणाली, "हाई बाई लेत तर काहीच नही, नुसती वाजाडी जास."

खरं आहे तिचं. पण तडा गेलेलं खापर बद्द वाजतं, हे मला फार उशिरा कळलं. तीन आखाज्यांपूर्वी.

अक्षय्य तृतीयेला बाकीचा महाराष्ट्र काय करतो ते त्याचं त्याला ठाऊक. आमच्या खानदेशात ती आखाजी असते आणि त्या दिवशी लेक माहेरी असते. कडुनिंबाला झोके बांधतात, पुरुष सावली बघून पत्ते कुटत बसतात, घराघरातून आमरसाचा वास येतो आणि पाटल्यांचा आवाज येतो. माझं माहेर नरडाण्याच्या पलीकडे, शिंदखेडा तालुक्यात. आई-वडील गेल्यावर माहेर भावजयीच्या हातात असतं असं म्हणतात. माझ्या बाबतीत ते अगदी शब्दशः खरं होतं. माझा धाकटा भाऊ बापू, त्याची बायको शोभा, आणि तिचे ते दोन हात. त्या हातांवर मांडा वाढायचा.

ज्यांनी खापरावरचा मांडा करताना पाहिलेला नाही त्यांना हे सांगून पटत नाही. पुरण भरलेली चांगली जाड पोळी असते. ती लाटण्याने मोठी करत नाहीत, हातांवर करतात. पोळी एका मनगटावरून दुसऱ्या मनगटावर, तिथून कोपरापर्यंत, परत मागे, अशी फिरत फिरत पातळ होत जाते. पुरण आतल्या आत पसरत जातं. शोभाची पोळी बघता बघता कोपराखाली लोंबायला लागायची, आणि फाटणार असं वाटेपर्यंत ती एका झोक्यात पेटत्या चुलीवरच्या उपड्या खापरावर पडलेली असायची. गावातल्या लग्नाला, बारशाला, जावयाच्या पहिल्या आखाजीला शोभाला बोलावणं ठरलेलं. ती स्वतः अबोल बाई. घरात पाहुणे आले तर दाराआडून बोलणारी. पण खापरापुढे बसली की पाठ ताठ व्हायची आणि आजूबाजूच्या बायका आपोआप तिच्या हुकमात यायच्या. कुणी लाकूड सार, कुणी पुरण दे. त्या वेळी ती माझ्याहून मोठी दिसायची.

मी सरकारी दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत नोकरी केली. अख्खा जन्म जखमा पुसण्यात गेला. माझी जीभ स्पिरिटसारखी आहे असं आमचे डॉक्टर म्हणायचे, स्वच्छ करते पण झोंबते. मी ते कौतुक समजायचे.

त्या आखाजीला शोभाचा बाविसावा की तेविसावा मांडा चालू होता. खापर दोन वर्षांचं जुनं, आदल्या आठवड्यात कुठल्याशा लग्नाहून परत आलेलं, कुणी वाजवून न पाहिलेलं. मांडा त्याच्यावर पडला आणि खापर मधोमध तडकलं. अर्धं आत निखाऱ्यांत गेलं. दुसऱ्या कुणीही हात मागे घेतला असता. शोभाने मांडा घसरतोय हे पाहिलं आणि त्याच्याखाली उजवा हात घातला. मांडा तिने वाचवला. मनगटापासून कोपरापर्यंतची आतली बाजू उरलेल्या खापराला टेकली.

आरडाओरडा शोभाने केला नाही, बाकीच्यांनी केला. एक बाई टूथपेस्ट घेऊन धावली, एकीने पिठाचा डबा उघडला, कुणीतरी निळी शाई आण म्हणालं. मी सगळ्यांना बाजूला सारलं आणि तिचा हात अंगणातल्या नळाखाली धरून बसले. चांगली वीस मिनिटं. पाणी उन्हाने कोमट आलं तसं आधी ते सोडून दिलं, मग गार आलं. शोभा माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "काही नही व्हयनं, अक्का. मांडा वाचना ना."

मी ड्रेसिंग केलं. दुसऱ्या दिवशी बापूसोबत तिला दवाखान्यात पाठवलं, रोज पट्टी बदलायची, पाणी लागू द्यायचं नाही, काहीही लावायचं नाही, असं तीन-तीनदा बजावलं आणि धुळ्याला परतले. माझ्या मते प्रश्न मिटला होता.

आता जी चूक झाली ती आमच्या गावातलीच बाई करू शकते. आमच्याकडे दारावर कोरफड टांगतात. मुळासकट उपटलेली, दोरीने बांधलेली, खाली तोंड वर मुळं. माती नाही, पाणी नाही, तरी महिनोन्‌महिने जिवंत राहते. घराला लागणारी नजर ती स्वतःवर घेते अशी समजूत. शोभाच्या दारावरची कोरफड तिने नवीन घर बांधलं तेव्हा टांगलेली होती. धुळीने राखाडी झालेली, पानं सुकून चिंचेच्या बोटकासारखी बारीक, वर हळदीकुंकवाचे थर. मी धुळ्याला परतल्यावर शेजारच्या जिजाकाकू हात बघायला आल्या आणि म्हणाल्या, "नजर लागनी हाई. बठ्ठं गाव तुना मांडानं नाव लेस, मंग लागावच." सगळं गाव तुझ्या मांड्यांचं नाव घेतं, मग लागणारच.

कोरफड भाजलेल्यावर लावतात हे शोभाला लहानपणापासून माहीत. परसात, मोरीच्या पाण्यावर, कोरफडीचं हिरवंगार बेट होतंही. पण हा हात नुसता भाजलेला नव्हता, नजरेने भाजलेला होता. मग परसातल्या साध्या कोरफडीचं काय चालणार? तिने पट्टी सोडली, स्टुलावर चढून दारावरच्या कोरफडीचं पान तोडलं आणि त्यातून जो काही घट्ट पिवळा चीक निघाला तो जखमेवर चोळला. चार दिवस चोळला. आग झाली तेव्हा नजर निघतेय म्हणून सोसली.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आठवड्याने मी गेले तेव्हा हात कोपरापर्यंत सुजलेला होता, खाजवून लाल केलेला, आणि मधला भाग चिघळलेला. मी विचारलं काय लावलंस. तिने दाराकडे बोट केलं. "नजर तीच काढस ना, अक्का? मंग तीच लावी मी."

मी काय बोलले ते मला पूर्ण आठवतं आणि ते आठवायला मला आवडत नाही. अंगणात बायका होत्या. सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं, "तुले अक्कल शे का? हात शे तो, दारनी चौकट नही." मग स्टुलावर चढले, कोरफड ओढून काढली आणि उकिरड्यावर फेकली. शोभाने पदर त्या हातावर ओढून घेतला. त्यानंतर कितीतरी महिने तो हात मी पदराबाहेर पाहिला नाही.

जखम भरली. दवाखान्यातल्या पट्ट्यांनी, गोळ्यांनी, वेळेने भरली. आषाढात नवी कातडी आली, गुलाबी आणि चकचकीत. पण कातडी आखडली. मनगट आत वळलं, कोपर पूर्ण सरळ होईना. डॉक्टर म्हणाले, कातडी मऊ ठेवा आणि हात रोज ताणा, नाहीतर हा असाच राहील. मी मलमाच्या ट्यूब घेऊन दिल्या. पोळ्याला गेले तर सगळ्या ट्यूब कपाटात, डब्यांसकट, जशाच्या तशा. मी म्हटलं, "लावत का नाहीस?" तर शोभा म्हणाली, "तुम्ही नव्हत्या ना. तुम्ही सांगशात तवय लावसू."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि फार लाज वाटली. ही बाई खापरापुढे दहा बायकांना हुकूम सोडत होती. आता तिला स्वतःच्या हाताला मलम लावायलाही माझी परवानगी हवी होती. तिचा हात तिचा राहिला नव्हता. जखम खापराने केली, चिघळवली त्या चिकाने, पण हे तिसरं काम माझं होतं. बापू मला सोडायला बसस्टँडपर्यंत आला आणि बस सुटायच्या आधी खिडकीशी उभा राहून म्हणाला, "अक्का, ती मांडानं नावच लेत नही आते. गावमा कोणी बलावाले उनं तर घरमा दपी जास." बोलवायला आलं की घरात लपते. बापूला मी त्याच्या लग्नातसुद्धा इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

मी शोभाला धुळ्याला घेऊन आले. महिनाभरासाठी, हात ताणायला. ती माझ्याकडे कधी राहिलेली नव्हती. पहिले दोन दिवस ती सोफ्याच्या कडेवर बसायची, जणू बस येणार आहे. "पाणी लागू देऊ का? हाई भांडं उचलू का? पंखा लावू का?" प्रत्येक गोष्ट विचारून. मी "हो" म्हणून म्हणून दमले.

आमच्या खालच्या मजल्यावर रशीदाआपा राहतात. त्यांच्या नवऱ्याचं वेल्डिंगचं दुकान, त्यामुळे ठिणगीचे चटके त्यांच्या घरी भाजीच्या फोडणीइतके रोजचे. त्यांच्या गॅलरीत तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत कोरफडीची रांग आहे. त्या तिला घीकुवार म्हणतात. शोभाचा हात त्यांनी जिन्यात पाहिला आणि संध्याकाळी एक जाडजूड पान घेऊन वर आल्या. मी दारातच अडवलं. दुधाने तोंड पोळलं होतं माझं. म्हटलं, "आपा, सगळं चालेल, कोरफड नको," आणि झाला प्रकार सांगितला.

आपा हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "सिस्टर, उसने तो चीक लगाया. गर कुठे लावला?" मग त्यांनी माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच वाटीत, पान कापलेल्या बाजूने उभं करून ठेवलं. "आता चहा करा. चहा होईपर्यंत हात नाही लावायचा." आम्ही चहा प्यायलो. वाटीत हळदीच्या पाण्यासारखा पिवळा रस उतरला. त्यांनी तो मोरीत ओतला, पान धुतलं, काटेरी कडा काढल्या, वरची साल सोलली, आणि आत जे उरलं ते इतकं नितळ होतं की खालच्या ताटलीवरची नक्षी दिसत होती. तो गरही परत धुतला. "दाल धोते हैं ना, वैसा," त्या म्हणाल्या.

इतकी वर्षं ड्रेसिंगच्या खोलीत काढून मी पानाचं हे पोट कधी नीट बघितलं नव्हतं. लोक काहीबाही लावून यायचे, मी ते पुसून टाकायचे. काय लावलं आणि कसं लावलं हे विचारण्याआधीच ओरडायचे. दोष पानाचा होता की घाईचा, हे बघायला मी थांबले नव्हते.

तरी मी सहजासहजी ऐकणाऱ्यांतली नाही. म्हटलं, आधी डाव्या हाताच्या आतल्या बाजूला थोडा लावायचा आणि उद्यापर्यंत बघायचं. जखम कुठे उघडी नाही ना, तेही चष्मा लावून दोनदा पाहिलं. आपा म्हणाल्या, "बिलकुल. उघड्या जखमेवर मी पण नाही लावत, दवाखान्यातच पाठवते." आमच्या दोघींचं एकमत झालेलं पाहून शोभा पहिल्यांदा किंचित हसली.

दुसऱ्या दिवशी डाव्या हातावर काही उठलं नाही. मग सुरू झालं. सकाळी आणि दिवे लागताना, गर उजव्या हाताच्या त्या गुलाबी पट्ट्यावर पसरायचा आणि हलक्या हाताने कोपराकडून मनगटाकडे चोळत न्यायचा. गर गार असायचा. शोभा डोळे मिटायची. हात गिळगिळीत झाला की माझ्या पकडीतून सुळकन निसटायचा, मी परत पकडायचे, परत निसटायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्ही दोघी त्यावर हसायला लागलो. हसताना तिचं कोपर विसरून थोडं जास्त सरळ व्हायचं, आणि मी ते बघितलंच नाही असं दाखवायचे.

ताणण्याचे व्यायाम मात्र तिला आवडेनात. वर करा, खाली करा, दहापर्यंत मोजा, हे सगळं तिला शाळेतल्या कवायतीसारखं वाटायचं. एका सकाळी मी धुतलेले कपडे वाळत घालत होते. माझ्या नवऱ्याचा मोठा रुमाल ओलाच होता. शोभाने तो उचलला, झटकला, आणि काय मनात आलं कोण जाणे, डाव्या मनगटावर टाकला. तिथून उजव्या. रुमाल उजवीकडे आला की मनगट आडवं येई आणि रुमाल खाली पडे. तिने उचलला, परत टाकला. मी दोरीमागे चादरीआड उभी राहिले. बोलावंसं फार वाटलं, की असं नको, कोपर अजून बाहेर घे. आयुष्यात पहिल्यांदा मी जीभ आवरली. ती अर्धा तास ओल्या रुमालाचा मांडा करत होती.

त्यानंतर रुमाल रोजचाच झाला. आधी गर, मग रुमाल. महिन्याचा दीड महिना झाला. मनगट निम्मं उघडलं, मग निम्म्याहून जास्त. परत जाताना आपांनी तिला कोरफडीचं एक पिल्लू दिलं, डब्यासकट. शोभाने ते बसमध्ये मांडीवर घेतलं. मी म्हटलं, परसात आहे की तुझ्या एवढं बेट. ती म्हणाली, "असू द्या. हाई मालेच दिनं ना त्यास्नी." हे मलाच दिलं ना त्यांनी.

कोरफडीने शोभाचा हात बरा केला असं मी कुठेही छातीठोक सांगणार नाही. मी नर्स आहे. जखम दवाखान्याने भरली, कोपर व्यायामाने सुटलं. पण कातडी मऊ राहिली म्हणून व्यायाम दुखला नाही, आणि दुखला नाही म्हणून तो झाला, एवढं मला माझ्या डोळ्यांनी दिसलं. आणखी एक दिसलं. रोज दोनदा कुणीतरी तो हात न ओरडता हातात घेत होतं. ट्यूबवर ते छापलेलं नसतं.

थंडीत शोभा कापूस वेचायला गेली. फोनवर सांगायची, आज अर्धी रांग, आज पूर्ण. मांड्यांचा विषय मी काढला नाही, तिनेही नाही. होळी झाली. गव्हाची कापणी झाली. ऊन तापायला लागलं तशी मी आखाजी किती दिवसांवर आली ते मोजू लागले. बापूने फोनवर सांगितलं की यंदा मांडे बाहेरून आणू, गावातल्या दुसऱ्या बाईला सांगून ठेवलंय. मी म्हटलं, चालेल, मांड्यांसाठी थोडीच येते मी. फोन ठेवला आणि मला रडू आलं. मांड्यांसाठीच तर जात होते. माझ्या भावजयीने खापरापुढे ताठ बसून मला वाढावं यासाठी जात होते.

आखाजीच्या सकाळी मी घरी पोचले तर अंगणात धूर. चूल पेटलेली, नवं खापर चढलेलं, बायका जमलेल्या. जिजाकाकू लाकडं सारत होत्या. शोभा खापरापुढे बसली होती. बाह्या वर सरकवलेल्या, उजव्या हातावरचा तो गुलाबी पट्टा सगळ्यांना दिसेल असा उघडा. बापू ओट्यावरून माझ्याकडे बघून नुसता खांदे उडवत होता. त्यालाही सकाळीच कळलं होतं.

पहिला मांडा फाटला. पुरण कोपरावर सांडलं. शोभाने हात पुसला आणि दुसरा घेतला. डाव्या मनगटावरून उजव्या, उजव्यावरून परत. उजवीकडे आला की अजून एक कणभर अडखळत होता. मला ते दिसत होतं, बहुधा फक्त मलाच. मांडा मोठा होत गेला, खाली उतरत गेला, आणि चुलीचा जाळ तिच्या कोपराजवळ आला. माझ्याने राहवेना. मी पिशवी खाली टाकून पुढे झाले. "शोभा, हात मागे घे. कातडी नवी आहे अजून, जाळ लागेल. थांब, मी धरते, तू..."

शोभाने मान वळवली नाही. नजर मांड्यावर, हात फिरते. सगळ्या बायकांसमोर, स्वच्छ आवाजात म्हणाली, "अक्का, आते गुपचूप बठा तुम्ही. हात मना शे."

हात तिचाच होता. मी जिजाकाकूंच्या शेजारी जमिनीवर बसले. मांडा खापरावर पडला, अख्खा, काठापर्यंत. मग तिने मला लाकूड सारायला सांगितलं आणि मी ते सारलं.